शेवटून दुसरी ओळ

“तुमच्या वडिलांची कोणती वाक्यं ठेवायची?” असं त्या मुलीनं फोनवर विचारलं, तेव्हा माझ्या उजव्या हातात खळीचा ब्रश होता आणि डाव्या हाताखाली एका जुन्या नकाशाचा फाटका कोपरा. पडद्यांना कापड कोणतं घ्यायचं, असं विचारावं तसा तिचा सूर. मी म्हटलं, “ठेवायची म्हणजे?” ती म्हणाली, “म्हणजे त्यांच्या आवाजात हो. उद्या ऑपरेशन झालं की बोलता येणार नाही ना. आमच्याकडे एक छोटं यंत्र आहे, त्यात आधी बोलून ठेवायचं, मग बटण दाबलं की त्यांचाच आवाज. लोक साधारण पाणी हवंय, दुखतंय, दिवा घालवा, असलं ठेवतात. काही जण घरच्यांसाठी पण काहीतरी ठेवतात. काका मात्र ऐकायलाच तयार नाहीत. तुम्ही येऊन सांगा ना जरा.” मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तोपर्यंत ब्रशवरची खळ सुकून कडक झाली होती.

जुन्या पुस्तकांच्या दुरुस्तीची आमची खोली ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला आहे. दोन लांब टेबलं, एक दाबयंत्र, आणि दिवसभर खुट्ट होणार नाही अशी शांतता. फाटलेल्या कागदाला पातळ कागदाचं ठिगळ लावायचं. ते हातभर अंतरावरून दिसता कामा नये आणि डोळ्यांशी नेलं की दिसलंच पाहिजे, हा आमचा नियम. लपवलेलं ठिगळ म्हणजे लबाडी. इतकी वर्षं मी हेच करत आले आहे, आणि घरी बाबांबरोबर राहत आले आहे. त्यांच्या घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागणार, हे मला बरेच दिवस माहीत होतं. सह्या मीच केल्या होत्या. आवाज जाणार ही गोष्ट मी एखाद्या कडू गोळीसारखी न चावता गिळून टाकली होती. पण आवाजाबरोबर वाक्यंही जाणार, हे त्या पोरीनं विचारेपर्यंत डोक्यात आलंच नव्हतं. कोट चढवता चढवता मी आठवायला लागले, माझ्यासाठीचं त्यांचं वाक्य कोणतं? रोज सकाळी मी दाराशी गेले की ते आतून ओरडतात, “किल्ली घेतलीस का?” बस्स. याहून मोठं काही आठवेना. जो घरातच राहतो त्याला माणूस दुसरं सांगणार तरी काय?

इस्पितळात बाबा पलंगावर ताठ बसले होते. आवाजवाली मुलगी (तिच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, म्हणून बाबांनी तिला हे नाव देऊन टाकलं होतं) स्टुलावर हिरमुसून बसली होती. मला बघताच बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, “हिला सांग, आपल्याकडे सुटं मिळत नाही.” ती म्हणाली, “काका, एकच वाक्य तरी!” “एक नाही नि अर्धं नाही. अख्खं घ्यायचं असेल तर बोल. बारा जण आहेत, तीनेक तास लागतील.” ती माझ्याकडे बघायला लागली. बारा जण कोण, हे तिला कसं कळावं? मी खुणेनंच तिला बाहेर नेलं आणि म्हटलं, संध्याकाळी पुन्हा ये, तोवर बघते. आत आले तर बाबांनी उशीखालून त्या बारा जणांचं पुस्तक काढलं होतं, चष्मा पुसत होते. “आज वाचून टाकतो. तू बस. यंत्र नको. ऐकायचं तर ऐक, साठवायचं नाही.” डॉक्टरांनी आवाजाला ताण देऊ नका असं बजावलं होतं, त्याची मी आठवण करून दिली. ते म्हणाले, “उद्या कापणार आहेत, मग आज जपू कुणासाठी?”

बारा जण म्हणजे हिब्रू शास्त्रातले बारा छोटे संदेष्टे. बाबांनी जन्मभर शिकवलं ते हेच. मोठ्या संदेष्ट्यांची स्वतःची एकेक गुंडाळी असायची. हे बारा आकारानं लहान, कुणी तर दोन-चार पानांतच आटोपलेला. सुटे ठेवले तर हरवतील, म्हणून जुन्या लोकांनी ते एकाच गुंडाळीत एकामागे एक लिहून काढले. दोन मोठ्या पुस्तकांच्या मध्ये नकलनवीस चार ओळी कोऱ्या सोडायचे, या बारा जणांच्या मध्ये मात्र तीनच. या तीन ओळींवर बाबांनी सगळं आयुष्य काढलं म्हटलं तरी चालेल. “चार सोडल्या की घर वेगळं,” ते म्हणायचे, “तीन म्हणजे नुसती मधली भिंत. पलीकडचा खोकला ऐकू येतो.” लोकांनी त्यातली गोड गोड वचनं उचलून दिनदर्शिकेवर छापली की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बारा माणसं, कित्येक शतकांत विखुरलेली, एकमेकांची तोंडंही न पाहिलेली. पण एक जिथे थांबतो तिथलाच शब्द दुसरा उचलतो. दादा लहानपणी म्हणायचा, “म्हातारे भेंड्या खेळतायत,” आणि बाबा खूश होऊन टेबलावर थाप मारायचे. सुट्टीच्या दुपारी आम्ही दोघं त्यांच्या दोन बाजूंना बसायचो. आधी ते मूळ हिब्रू वाचायचे, मग त्याचा अर्थ सांगायचे. आई पाठीमागे कपड्यांना इस्त्री करत ऐकायची. गरम कापडाचा वास आला की अजून मला टोळधाड आठवते, माशाच्या पोटात जाऊन आलेला तो रुसका माणूस आठवतो, बुरुजावर उभा राहून देवालाच जाब विचारणारा आठवतो. बाबांचं म्हणणं असं, की हे बाराही मिळून एकच गोष्ट सांगतात. पहिला संदेष्टा घर मोडल्याचं सांगतो. बायको निघून गेलेली, आणि पोरं अशा नावांची की ऐकवत नाही; धाकट्याचं नाव तर चक्क ‘माझे नव्हेत’. बाराव्याच्या अगदी शेवटी बापांची मनं पोरांकडे वळतील, पोरांची बापांकडे, असं येतं. “म्हणजे घरातून निघाली, सगळं जग फिरली, आणि घरात परत आली,” बाबा म्हणायचे. पण ती शेवटची ओळ तिथेच थांबत नाही. मनं वळली नाहीत तर भूमीचा सत्यानाश, असं म्हणून शापावर संपते. शापावर पुस्तक मिटायचं नाही, असा वाचणाऱ्यांचा जुना रिवाज आहे. म्हणून शेवटची ओळ झाली की मागे जायचं आणि शेवटून दुसरी ओळ पुन्हा वाचायची. त्या ओळीत एवढंच आहे, की त्या भयंकर दिवसाआधी कुणीतरी पाठवला जाईल, कुणीतरी येईल. मग पुस्तक मिटायचं. आई इस्त्री उभी करून ठेवायची आणि जेवायला चला म्हणायची.

दादा आईबरोबर आला होता. म्हणजे आईचं आधी एक लग्न झालं होतं, तो नवरा गेला, आणि पाच वर्षांच्या पोराचं बोट धरून ती या घरात आली. मी त्यानंतरची. ही गोष्ट आमच्यापासून कुणी लपवली नव्हती, पण कुणी बोलूनही दाखवायचं नाही. आमच्या दुरुस्तीच्या नियमात नेमकं बसणारं ते ठिगळ होतं. मी दादाच्या मागेमागे फिरायचे म्हणून तो मला शेपूट म्हणायचा. हिब्रू तो माझ्याआधी शिकला, माझ्याहून चांगलं शिकला. बाबांच्यासारखंच घसा खाकरून वाचायला सुरुवात करायचा. रक्ताचं नातं नव्हतं, पण खाकरणं हुबेहूब. मग तो मोठ्या विद्यापीठात गेला, आणि तिथल्या लोकांचं काम म्हणजे शिवण उसवून बघणं. ही ओळ कुणाची, ती कुणी मागाहून घातली, इथला सांधा कसा दिसतो. दादाला ते आवडलं. मला त्याचं नवल वाटलं नव्हतं. सांधा कुठे आहे, हे ज्याला लहानपणापासून ठाऊक असतं त्याची नजर तिकडेच जाणार.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी तो आपला प्रबंध घेऊन घरी आला. टेबलापाशी मी वाढत होते. तो अजून उभाच होता, अंगात कोट तसाच. बाबांनी शेवटचं प्रकरण उघडलं आणि वाचतच राहिले. शेवटच्या ओळी बाराव्या संदेष्ट्याच्या नाहीतच, पुढच्या कुणीतरी सगळ्याला शेवट हवा म्हणून जोडल्या, असं त्यात होतं. बाबा म्हणाले, “बापाचं मन पोराकडे वळतं ती ओळच तुला उपरी वाटली? बाकी एवढं पडलंय त्यात.” दादा म्हणाला, “मला वाटायचा प्रश्न नाही बाबा, भाषा बघा ना.” शब्दानं शब्द वाढला. मध्ये एकदा बाबांनी स्वतःला आवरलं. खुर्ची पायानं पुढे सरकवली आणि म्हणाले, “बस. आधी जेवून घे.” दादा बसला असता तर? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की त्याच्या कडा झिजून गेल्यात. तो बसला नाही. म्हणाला, “नंतर जोडलेलं म्हणजे खोटं नव्हे, बाबा. ज्याला गरज होती त्यानंच जोडलं ना?” आता मला कळतं की तो भांडत नव्हता, काहीतरी मागत होता. पण बाबांनी ऐकलं ते फक्त ‘नंतर जोडलेलं’. ते म्हणाले, “तुला नाही कळायचं. तूसुद्धा या घराला नंतर चिकटवलेलाच आहेस.” एक घाव दोन तुकडे. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. दादानं प्रबंध उचलला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि गेला. त्या दिवसापासून तो मला फोन करतो, वाढदिवसाला पुस्तकं पाठवतो, पण या दारात पाऊल नाही. बाबांनी त्याचं नाव टाकलं असं नाही. जेवताना ते कधी कधी त्या खुर्चीकडे बघून विचारायचे, “काय म्हणतायत तुझे ते मोठे विद्वान?” मी म्हणायचे, “बरे आहेत.” मग मला मेलीला आशा वाटायची, की या दोघांच्या मध्ये तीनच ओळी सुटल्यात, चार नाहीत.

बाबांनी पहिल्याला हात घालण्याआधी मी बाहेर व्हरांड्यात जाऊन दादाला फोन केला. तो म्हणाला, “काय गं शेपूट?” मी सगळं सांगितलं. उद्या सकाळी ऑपरेशन, आज दुपारी बाबा बाराही वाचणार, शेवटचे. तो म्हणाला, “त्यांनी बोलावलंय?” खोटं बोलणं सोपं होतं. पण लपवलेलं ठिगळ मला लावता येत नाही. म्हटलं, “नाही. मी बोलावतेय.” तो म्हणाला, “बघतो.” दादाचं ‘बघतो’ म्हणजे काय, हे इतक्या वर्षांत मला उमगलेलं नाही. मी म्हटलं, “बघू नकोस, ये. ऐकायला ये. पुन्हा ऐकायला मिळायचं नाही.” आणि रडू फुटायच्या आत फोन बंद केला.

बाबांनी घसा खाकरला. तो आवाज आता खाकरण्यासारखा राहिला नव्हता, पत्रा ओढल्यासारखा येत होता, पण त्यानंतर क्षणभर थांबणं तेच होतं. मूळ वाचायचे, अर्थ सांगायचे, एक घोट कोमट पाणी प्यायचे. पहिल्याच पानांवर ती नावं आली. ‘माझे नव्हेत’ या नावाशी ते थांबले. मला वाटलं घसा दुखतोय, मी पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. बोटानं ती ओळ दाबून धरली होती, पुसली जाईल की काय अशी. शिकवताना, वाचताना हे नाव त्यांनी हजारदा उच्चारलं असेल. त्याच टेबलाशी बसून, त्याच तोंडानं. थोड्या वेळानं पुढे गेले. पुढे त्याच पोरांना ‘माझे’ म्हणून हाक मारली जाते, तिथे त्यांनी अर्थ सांगितला नाही. नुसतं मूळ वाचलं, अगदी हळू. मी दाराकडे बघत होते. दारातून नर्स आली, सफाईवाला आला, चुकून आलेला कुणाचा तरी पाहुणा आला. टोळ आले आणि गेले, सिंह गरजला, मेंढरांमागचा माणूस राजाच्या पुजाऱ्याच्या तोंडावर खरं बोलून आला. माझं निम्मं लक्ष ऐकण्यात आणि निम्मं पावलांकडे. आयुष्यात एवढं एकच सबंध ऐकायचं होतं आणि मी ते सुटं सुटं ऐकत होते, याचा राग येऊन डोळे भरले. दोन संदेष्ट्यांच्या मध्ये बाबा गप्प बसायचे, तेवढ्या तीन ओळी. खिडकीबाहेर वाहनं वळत होती, समोरच्या इमारतीवर ऊन वर वर चढत गेलं. सातव्या-आठव्यापर्यंत आवाज इतका खाली गेला की मी स्टूल ओढून पलंगाला लावलं. त्यांच्या श्वासाला औषधाचा वास येत होता. मला लहानपणीसारखं त्यांच्या दंडाला टेकावंसं वाटलं. टेकले. त्यांनी पान उलटताना दंड हलवला नाही, दुसऱ्या हातानं उलटलं.

बारावा सुरू असताना संध्याकाळचं जेवण आलं. वाडगंभर सूप, पाव, उकडलेल्या भाज्या. सहानंतर पाणीसुद्धा नाही असं सांगून नर्सनं ताट चाकांच्या टेबलावर ठेवलं. बाबांनी हातानंच थांब म्हटलं. शेवटचं पान होतं. कुणीतरी पाठवला जाईल, ती ओळ झाली. मग बापांची मनं पोरांकडे, पोरांची बापांकडे. मग शाप. शेवटचा शब्द संपला आणि त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. आता मागे जायचं, शेवटून दुसरी ओळ. मी वाट बघत होते. ते मागे जाईनात. त्यांची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे गेली होती.

दादा दारात उभा होता. कधीपासून, कोण जाणे. केस पांढरे झालेले, कोट अंगात तसाच, आणि हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा. तो घसा खाकरायला गेला आणि थांबला. त्या खोलीत ते करणं त्याला बरं वाटलं नसावं. मी उठले. दोघांपैकी कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून मी मनातल्या मनात धावा करत होते. बाबांनी पुस्तक बाजूला ठेवलं, पायानं स्टूल पुढे सरकवलं, आणि उरलेल्या आवाजात म्हणाले,

“बस. आधी जेवून घे.”

मला त्या दिवसाचा शब्दन्‌शब्द पाठ आहे. त्या दिवशीही शाप शेवटचा होता, आणि हे बाबांचं शेवटून दुसरं वाक्य. ते मागे गेले होते. पुस्तकात नव्हे, त्या टेबलापाशी. दादानं माझ्याकडे बघितलं, त्यालाही पाठ असणारच. मग तो बसला. कोट न काढताच. सूप पार निवलं होतं. त्यानं पाव मोडला, बुडवला, खाल्ला. आणि बाबा आणि मी एखादा चमत्कार बघावा तसे त्याचं खाणं बघत राहिलो. अर्धं झाल्यावर तो खालमानेनंच म्हणाला, “मीठ नाही, बाबा.” बाबा म्हणाले, “मला विचारतोस? तीन दिवस हेच गिळतोय.” आणि दोघंही हसले. इतक्या वर्षांचं एवढंच बोलणं झालं. क्षमा वगैरे शब्द आमच्याकडे कुणी उच्चारला नाही.

आवाजवाली आली ती ठरल्याप्रमाणे यंत्र हातात घेऊनच, पण आशा सोडल्यासारखी. “काका, एक तरी?” बाबांनी हात पुढे केला. तिनं घाईघाईनं बटण दाबलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं की आता माझं नाव येईल. बाबांनी दादाकडे बघितलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तितकंच, त्याच सुरात. “झालं,” ते म्हणाले, “आता बंद कर.” सकाळी त्यांना नेताना ते माझ्याकडे बघून ओठ हलवत होते, पण दारांचा, चाकांचा एवढा आवाज होता की मला ऐकू आलं नाही. किल्लीचंच विचारत असतील.

आता बाबा घरी आहेत. बाकी सगळं ते पाटीवर लिहितात, यंत्राला एकच बटण कामाचं आहे. दादा दर सुट्टीला येतो. तो दारात दिसला की बाबा बटण दाबतात. सकाळचे नऊ वाजलेले असोत, तो घरून पोटभर खाऊन आलेला असो, निमूट बसतो आणि पुढ्यात येईल ते खातो. मग दोघं पाटीवर भांडतात. शेवटच्या ओळी नंतरच्याच आहेत यावर दादा ठाम आहे, आणि बाबा खडू मोडेस्तोवर त्याच्यावर उत्तरं लिहितात. मला हेवा वाटतो, तो मी लपवत नाही. राहिले मी, आणि राहिलेलं वाक्य त्याचं. सकाळी मी दाराशी थांबते, थोडी जास्तच थांबते. आतून काही येत नाही. किल्ली हातात असते.

काल कामावरून आले तेव्हा बाबा आतल्या खोलीत झोपले होते. टेबलावर माझं ताट झाकलेलं, शेजारी यंत्र, त्याचा हिरवा ठिपका लागलेला. मी कोट काढला नाही. दिवाही लावला नाही. पलीकडून बाबांचा खोकला ऐकू आला, आवाज नसलेला, नुसती हवा. मी बटण दाबलं.

“बस,” बाबा म्हणाले, “आधी जेवून घे.”

मी बसले.